हलत्या पॅनलवर चित्र टिकत नाही : रोबो-आर्म आणि प्रोजेक्शन मॅपिंग

घिरट (धागाकर्ता)

दोन रोबो-आर्म, प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरं पॅनल, समोर एक प्रोजेक्टर आणि एक कॅमेरा. पॅनल हवेत फिरतं आणि त्यावर पडणाऱ्या चित्रामुळे ते कधी खोल खोका वाटतं, कधी खिडकी, कधी वितळणारा ठोकळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉट अँड डॉलीने २०१३ साली 'बॉक्स' या चित्रफितीत जे केलं त्याच जातीचं काम, फक्त आकाराने लहान.

मांडणी अशी: दोन यूआर१०ई (युनिव्हर्सल रोबोट्सचे आर्म), पोच १३०० मिमी. पॅनल १२०० × ८०० मिमी. प्रोजेक्टर १९२० × १२००, ६००० ल्युमेन, थ्रो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२, अंतर ४.८ मीटर, म्हणजे चित्राची रुंदी ४ मीटर आणि एक पिक्सेल सुमारे २ मिमी. आर्मची स्थिती नेटवर्कवरून टचडिझायनर या दृश्य-सॉफ्टवेअरमध्ये येते आणि तिथेच दृश्य तयार होतं.

दोष तीन. पॅनल स्थिर असताना चित्र मध्यावर नेमकं बसतं, पण कोपऱ्यांवर ५-६ मिमी सरकतं. पॅनल ०.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालं की चित्र ४० मिमी मागे राहतं. आणि पॅनल थांबल्यावर अर्धा सेकंद चित्र पॅनलवर थरथरताना दिसतं.

प्रश्न दोन. आधी काय दुरुस्त करायचं? आणि कॅमेऱ्याऐवजी ४०-५० प्रेक्षकांसमोर हे थेट दाखवता येईल का?

सहाअक्ष

तिन्ही दोषांचं मूळ वेगवेगळं आहे, म्हणून एकाच बटणाने तिन्ही जाणार नाहीत.

वेगाबरोबर वाढणारी चूक म्हणजे वेळेची चूक. ४० मिमी भागिले ६०० मिमी प्रतिसेकंद, म्हणजे ६७ मिलिसेकंद. वेग दुप्पट केल्यावर चूक ८० मिमी झाली तर निदान पक्कं.

स्थिर असतानाही राहणारी आणि कडेला वाढणारी चूक कोनाची असते. पॅनल फ्लॅंजवर (आर्मच्या टोकाच्या चकतीवर) अर्धा अंश जरी तिरकं बसलं असेल आणि सॉफ्टवेअर ते सरळ धरत असेल, तर मध्यापासून ६०० मिमीवर ५.२ मिमी फरक पडतो. तुमचा आकडा तोच आहे.

थांबल्यावरची थरथर म्हणजे पॅनलची किंवा स्टँडची लवचिकता. सांध्यांचे कोन मोजणाऱ्या एन्कोडरला ती दिसतच नाही, कारण सांधे केव्हाच थांबलेले असतात.

आधी कोन, मग वेळ, मग थरथर. कोन चुकलेला असताना वेळ मोजली तर मोजमापच खोटं येतं.

खटका

६७ मिलिसेकंद कुठे जातात ते पाहा. यूआर ई-मालिकेत आरटीडीई (आर्मची माहिती नेटवर्कवर पाठवणारी सोय) ५०० हर्ट्झने स्थिती देतं, म्हणजे २ मिलिसेकंद. तिथे काही जात नाही. ग्राफिक्स कार्ड एक फ्रेम रेखाटतं, एक-दोन फ्रेम रांगेत ठेवतं : ६० हर्ट्झला ३३ ते ५० मिलिसेकंद. उरलेला वेळ प्रोजेक्टरच्या पोटात जातो. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणं), कोपरा-दुरुस्ती, नॉइज रिडक्शन, फ्रेम इंटरपोलेशन हे सगळं बंद करा. संगणकातून बरोबर १९२० × १२०० पाठवा; १९२० × १०८० पाठवलं तर प्रोजेक्टर ते ताणत बसतो आणि त्यात आणखी वेळ जातो. भूमितीची दुरुस्ती तुमच्या रेंडरमध्येच (संगणक चित्र तयार करतो तेव्हाच) होते, त्यामुळे प्रोजेक्टरच्या कीस्टोनची गरजच नाही.

मोजायची सोपी रीत: पॅनलवर पेनाने उभी रेघ, प्रोजेक्टरने त्याच जागी उभी रेघ, पॅनल ०.५ मी/से या समान वेगाने डावीकडून उजवीकडे आणि परत. मोबाइलवर २४० फ्रेमने चित्रण करा. जाताना रेघ एका बाजूला मागे पडते, येताना दुसऱ्या. दोन्हींच्या अंतराचा अर्धा भागिले वेग म्हणजे लेटन्सी, अर्थात उशीर. दोन्ही दिशांचं निम्मं घेतल्याने कॅलिब्रेशनची (प्रोजेक्टर आणि पॅनलच्या जागा जुळवण्याची) स्थिर चूक आपोआप वजा होते.

पाणकळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन्ही दिशांचं निम्मं घ्यायची युक्ती फार छान.

सहाअक्ष

खटका यांच्या यादीत एक भर. आर्मला हालचाल कशी देता? सर्व्हो-जे (सांध्यांचे कोन सतत पाठवत राहण्याची आज्ञा) वापरत असाल तर त्यात लुकअहेड नावाचा आकडा असतो, ०.०३ ते ०.२ सेकंद, आणि काही न दिल्यास तो ०.१ धरला जातो. आर्म सांगितलेल्या जागेच्या मागे राहून गुळगुळीत चालतो तो त्यामुळे. तुम्ही 'सांगितलेली' स्थिती रेंडरला देत असाल तर चित्र पुढे पळेल. 'प्रत्यक्ष' स्थिती देत असाल तर मागे राहील. तुमचं मागे राहतंय, म्हणजे प्रत्यक्ष स्थिती घेताय.

आता मुख्य मुद्दा. हालचाल आधीच ठरलेली असेल तर आर्मच्या मागे धावण्याचं कारणच नाही. ६७ मिलिसेकंदांनी आर्म कुठे असेल हे तुम्हाला अंदाजाने नव्हे, नेमकं माहीत आहे. रेंडरला आत्ताची स्थिती न देता ठरलेल्या मार्गावरची ६७ मिलिसेकंद पुढची स्थिती द्या. तेवढ्याने ४० मिमीची चूक नाहीशी होते. कितीही महागडा प्रोजेक्टर घेतला तरी उशीर शून्य होत नाही; पुढची जागा माहीत असण्याला मात्र पैसे पडत नाहीत.

घिरट

हालचाल ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेली आहे. मग ती फाइल संगणकात आणि आर्ममध्ये एकाच क्षणी सुरू केली की झालं का?

सहाअक्ष

नाही. दोन घड्याळं एकसारखी चालत नाहीत. दहा लाखात ५० इतका फरक असला तरी ५ मिनिटांच्या प्रयोगात १५ मिलिसेकंद सरकतात, आणि ०.६ मी/से वेगाला ते ९ मिमी होतात. पहिल्या मिनिटात सुरेख, शेवटच्या मिनिटात घसरलेलं, असं दिसलं तर हेच कारण.

उपाय: आर्मकडून सांध्यांचे प्रत्यक्ष कोन सतत घ्या, पण त्यांच्यावरून चित्र काढू नका. त्यांची ठरलेल्या मार्गाशी तुलना करून 'आर्म या क्षणी मार्गाच्या कितव्या सेकंदावर आहे' एवढंच काढा, तो आकडा एक-दोन सेकंदांच्या सरासरीने मऊ करा, आणि रेंडरचं घड्याळ त्याला हळूहळू जुळवत राहा. मोजमापातली बारीक चलबिचल चित्रात येत नाही, आणि कुणी मध्येच वेग कमी केला तरी चित्र सोबत राहतं.

आर्मला टप्प्याटप्प्याचे मूव्ह-एल (सरळ रेषेत जाण्याच्या आज्ञा) देऊ नका. कोपरा गोल करताना कंट्रोलर स्वतःच्या मर्जीने वेळ घेतो. वेळेसकट कोनांची माळ पाठवा.

आणखी एक : पाचवा अक्ष शून्याच्या जवळ नेऊ नका. तिथे चौथा आणि सहावा अक्ष समांतर होतात, मनगट गरकन फिरायला बघतं, आणि वेगाची मर्यादा ओलांडल्याने संरक्षक थांबा लागतो. ब्लेंडरमध्ये हालचाल सुंदर दिसते म्हणून आर्मला ती झेपेलच असं नाही.

भिंग

कोपऱ्यांच्या ५ मिमीबद्दल लिहितो, कारण सगळा भ्रम तिथेच उभा राहतो किंवा पडतो.

प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. कॅमेऱ्यात प्रकाश येतो, इथे बाहेर जातो, गणित तेच. त्यामुळे प्रोजेक्टरची जागा टेपने मोजत बसू नका, ती बिंदूंवरून काढा. पॅनलवर पाच खुणा करा: चार कोपऱ्यांच्या आत ५० मिमीवर आणि एक मध्यावर. आर्मने पॅनल कामाच्या संपूर्ण घनफळात १२ ते १५ वेगवेगळ्या जागी न्या. पुढे, मागे, वर, खाली, तिरकं. प्रत्येक जागी प्रोजेक्टरने क्रॉस दाखवा, माउसने तो खुणेवर आणा, पिक्सेल आणि आर्मने सांगितलेली जागा नोंदवा. १२ जागा गुणिले ५, साठ बिंदू. सहा बिंदूंवरही उत्तर निघतं, पण त्यावर भरवसा ठेवू नये. सगळे बिंदू एकाच प्रतलात असतील तर उत्तर डळमळीत येतं, खोली हवीच.

आता लोक जिथे अडकतात ती जागा. प्रोजेक्टरमध्ये लेन्स-शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र वर-खाली नेण्याची सोय) असतो, त्यामुळे प्रकाशीय मध्य चित्राच्या मध्यावर नसतो. तो खालच्या कडेजवळ किंवा चित्राबाहेरही असू शकतो. ओपनसीव्हीला (हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मध्य ९६०, ६०० असा बांधून दिलात तर ते चूक दुसरीकडे ढकलतं आणि कोपरे कधीच बसत नाहीत. बिंदू एका प्रतलात नसले की त्याला सुरुवातीचा अंदाज द्यावाच लागतो. तो लेन्स-शिफ्ट लक्षात घेऊन द्या आणि मध्य मोकळा सोडा.

दुसरं, पॅनल फ्लॅंजवर नेमकं कसं बसलंय याचे सहा आकडे (तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे) मोजून न टाकता त्याच समीकरणात अज्ञात म्हणून सोडवा. सहाअक्ष म्हणतात तो अर्धा अंश असाच सापडतो. सरासरी चूक एका पिक्सेलच्या आत आली पाहिजे. दीड-दोन पिक्सेलवर अडकली तर एखादी खूण चुकीची नोंदवली गेलेली असते. सर्वांत मोठी चूक देणारे दोन बिंदू काढा आणि पुन्हा सोडवा.

प्रोजेक्टर आणि आर्म दोन्ही किमान ३०-४५ मिनिटं चालवून गरम झाल्यावरच कॅलिब्रेशन करा. गार लेन्सवर केलेलं गरम लेन्सवर सरकतं. झूम आणि फोकसच्या कड्यांवर चिकटपट्टी लावा.

चौकट

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पॅनलवर मार्कर लावून मोशन-कॅप्चर कॅमेऱ्यांनी जागा का घेत नाही? पॅनल वाकलं, स्टँड हलला, तरी खरी जागा मिळते.

सहाअक्ष

असहमत. यूआर१०ईची पुनरावृत्ती ±०.०५ मिमी आहे. एवढं स्थिर मोजमाप कॅमेऱ्यांच्या जाळ्यातून मिळवणं महाग आहे, आणि शिवाय त्यांचा स्वतःचा उशीर वर येतो. ठरलेल्या हालचालीला बाहेरचा डोळा नको.

भिंग

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. पुनरावृत्ती आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्म त्याच जागी शंभरदा ±०.०५ मिमीत येईल, पण 'मी एक्स = ९०० वर आहे' असं तो म्हणतो तेव्हा ती जागा मिलिमीटरभर इकडेतिकडे असू शकते, विशेषतः हात पूर्ण लांबवल्यावर. आपल्याकडे पिक्सेलच २ मिमीचा असल्याने चालून जातं. पण पॅनल नर्तकाच्या हातात असेल, किंवा माणूस आर्मला धरून हलवणार असेल, तर चौकट यांचाच मार्ग. तिथे पुढची जागा आधी माहीतच नसते.

नटबोल्ट

थरथरीबद्दल. पॅनल कशाचं आहे ते लिहिलेलं नाही. ५ मिमी सनबोर्ड असेल तर या मापाला ते अडीच-तीन किलो भरतं आणि नुसतं वापरलं तर पाखराच्या पंखासारखं हलतं. मागे २० × २० ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट लावली की ताठ होतं, पण वजन दुप्पट होतं, आणि तेही कडेला, जिथे ते सर्वांत जास्त त्रास देतं.

याहून चांगलं: २५ मिमी एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीचा घट्ट) फोमचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी अर्धा मिमी फायबरग्लासचं कातडं. वजन साधारण तेवढंच, अडीच-पावणेतीन किलो, आणि चौकट लागत नाही. मध्यावर ६ मिमी ॲल्युमिनियमची २०० × २०० प्लेट फोममध्ये बसवा. फ्लॅंजला ५० मिमी वर्तुळावर चार एम-६ बोल्ट, ८.८ दर्जाचे, ८ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळा. अंदाजाने आवळलेला बोल्ट सैल होतो आणि तुमचा अर्धा अंश परत येतो.

पॅनलची लांबी कमी करणं शक्य असेल तर जरूर करा. १२०० चं ९०० केलंत तर फिरवायला लागणारा जोर निम्म्याहून खाली येतो, कारण जडत्व लांबीच्या घनाने बदलतं.

आणि हालचालीतली युक्ती. पॅनलला टिचकी मारून २४० फ्रेमवर चित्रण करा, कंपनाचा काळ मोजा. समजा ६ हर्ट्झ, म्हणजे १६७ मिलिसेकंद. वेग वाढवण्याचा आणि कमी करण्याचा काळ बरोबर १६७ (किंवा ३३४) मिलिसेकंद ठेवा. त्वरणाचा धक्का एका पूर्ण कंपनकाळाइतका लांब असला की शेवटी कंपन जवळजवळ उरत नाही. १२० किंवा २५० ठेवलंत तर थरथर राहते. झोका थांबवताना हात नेमका कधी लावायचा हे पोरांना कळतं, तसंच हे.

आर्मच्या सेटिंगमध्ये पॅनलचं खरं वजन आणि गुरुत्वमध्य भरा. ते शून्य ठेवल्यास आर्म किंचित खाली झुकतो आणि थांबताना डुलतो.

घिरट

पॅनल सनबोर्ड आणि चौकट असंच आहे. आर्म लाकडी लेव्हलवर (रंगमंचाच्या चौथऱ्यावर) बोल्ट केलेत, प्रोजेक्टरही त्याच लेव्हलवर.

नटबोल्ट

प्रोजेक्टर आजच खाली उतरवा. आर्म थबकला की लेव्हल हलते, आणि प्रोजेक्टर ०.०५ अंश जरी कलला तरी ४.८ मीटरवर ४ मिमी सरकतं. स्वतंत्र स्टँड, थेट फरशीवर, पायात वाळूच्या गोण्या. आर्मचा पाया असा हवा की आर्मच्या वजनाच्या पाचपट आणि तळाच्या सांध्याच्या पूर्ण टॉर्कच्या दहापट ताण झेपेल. यूआरच्या माहितीपुस्तकातला निकष हाच आहे. नाटकाची लेव्हल माणसांसाठी बांधलेली असते, तिला एवढा पिळ सोसत नाही.

दिवेलागण

प्रकाशाकडे कुणी वळलं नाही म्हणून.

४ × २.५ मीटर म्हणजे १० चौरस मीटरवर ६००० ल्युमेन, सरळ हिशेबाने ६०० लक्स. अंधाऱ्या हॉलमध्ये पुरेसं, दिवे लावलेल्या हॉलमध्ये नाही. पॅनल तिरकं झालं की कोसाइनने उजेड घटतो: ६० अंशांना निम्मा, ७५ अंशांना पाव, आणि पिक्सेल जवळजवळ चौपट ताणला जातो. हालचाल लिहितानाच नियम करा की पॅनल प्रोजेक्टरला ६० अंशांपेक्षा जास्त तिरकं होणार नाही. पॅनल एक मीटर पुढे आलं तर उजेड १.६ पट वाढतो.

हा चढउतार न सावरल्यास डोळ्याला लगेच कळतं की उजेड बाहेरून येतोय, आणि पॅनल 'फलक' दिसायला लागतं. म्हणून कोन आणि अंतरामुळे उजेड जितक्या पट बदलतो तितक्याने प्रत्येक पिक्सेलला भागा. पण भागाकार सरळ प्रकाशात (आकडा दुप्पट म्हणजे उजेड दुप्पट, अशा मापात) करा, नंतर गॅमा (प्रोजेक्टरच्या आकड्यांत आणणारा वक्र) लावा. निम्मा प्रकाश म्हणजे २५५ पैकी १२८ नव्हे, गॅमा २.२ ला तो १८६ येतो. इथे चूक झाली की पॅनल वळताना मधेच राखाडी होतं. आणि वर वाढवायला जागा हवी म्हणून सगळं दृश्य ५०-६० टक्के उजेडावर बेता.

पॅनलला चकचकीत पांढरा रंग देऊ नका, मॅट फिका राखाडी द्या. प्रोजेक्टरचा काळा काळा नसतो. राखाडीवर तो जरा खोल दिसतो. कडेला १० मिमी काळी मॅट पट्टी, आणि चित्र कडेपासून ६ मिमी आत संपवा, म्हणजे दोन-तीन मिमी चूक पट्टीत गिळली जाते. मागे काळं मखमल. फोमची २५ मिमीची बाजूची जाडी काळी करायला विसरू नका, नाहीतर पॅनल फिरताना ती पांढरी रेघ सगळं गुपित फोडते.

रेघोटी

एका प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही : 'खोल खोका' नेमका दिसतो कसा? घिरट यांना माहीत असेल, पण बाकीच्यांसाठी कुणीतरी सांगा.

भिंग

दोनदा रेखाटन. पहिल्यांदा काल्पनिक खोका कॅमेऱ्याच्या जागेवरून काढायचा. मग ते चित्र कॅमेऱ्याच्या जागेवरूनच आभासी पॅनलवर 'फेकायचं', आणि ते पॅनल प्रोजेक्टरच्या जागेवरून दुसऱ्यांदा काढायचं. दुसरं रेखाटन प्रोजेक्टरकडे जातं. पॅनलवर पडलेलं चित्र जवळून वेडंवाकडं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या डोळ्यातून सरळ. 'बॉक्स'मध्ये कॅमेराही आर्मवरच होता, आणि सगळं प्रत्यक्ष चित्रित झालं, नंतर जोडलेलं नाही. कॅमेरा सरकताना खोक्याच्या आतल्या भिंती त्याच प्रमाणात सरकतात, म्हणून खोली इतकी खरी वाटते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला तर ही अर्धी जादू जाते. घिरट, निदान एखाद्या रुळावर तरी कॅमेरा हलवा.

ओटी

अवांतर, पण आपलेपणाचं. पांढऱ्या वस्तूवर प्रोजेक्टरने रंग, पोत, उजेड चढवायचा ही कल्पना 'शेडर लॅम्प्स' नावाने २००१ साली मांडली गेली, आणि ती मांडणाऱ्यांत रमेश रासकर हे नाशिकचे. त्यांच्या गटाने ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर दोन प्रोजेक्टर लावून संगमरवर जिवंत केला होता. दोन प्रोजेक्टरचा उजेड जिथे एकमेकांवर पडतो तिथे त्यांची वाटणी कशी करायची, हा प्रश्न तेव्हाच सोडवला गेला. इथे तेच उत्तर उपयोगी पडेल, कारण एका आर्मचं पॅनल दुसऱ्यावर सावली पाडणार.

दिवेलागण

ओटी, फार छान आठवण. हो, आणि सावलीसाठी हाच मार्ग. दोन प्रोजेक्टर, डावीकडून आणि उजवीकडून ३०-३५ अंशांवर. प्रत्येक बिंदूला ज्या प्रोजेक्टरचा कोन सरळ त्याचा वाटा जास्त, आणि दोघांची बेरीज सरळ प्रकाशात बरोबर एक. सावलीतल्या बिंदूला एकाचा वाटा शून्य, दुसऱ्याचा पूर्ण.

खटका

कॅमेऱ्याबद्दल दोन ओळी. एका चिपचा डीएलपी (सूक्ष्म आरशांचा) प्रोजेक्टर असेल तर रंग एकामागून एक येतात. शटर प्रोजेक्टरच्या पूर्ण फ्रेमइतकं हवं : ५० हर्ट्झ, २५ फ्रेम, १/५० सेकंद. १/६० ठेवलंत तर रंगीत पट्टे वर सरकताना दिसतील. काही प्रोजेक्टर ५० हर्ट्झ घेतात पण आतून ६० वरच चालतात. पट्टे गेले नाहीत तर ६० हर्ट्झ, ३० फ्रेम, १/६० करून पाहा.

कंस

वळणांच्या भाषेवरून गोंधळ होतो तोही नोंदवून ठेवा. यूआर मीटरमध्ये बोलतो आणि वळण अक्ष-कोन सदिशाने सांगतो. कूका कंपनीचा रोबो मिलिमीटरमध्ये, ए-बी-सी कोन, क्रम झेड-वाय-एक्स. एबीबीचा चौकड्या देतो, म्हणजे क्वाटर्निअन, चार आकड्यांत सांगितलेलं वळण. ब्लेंडरमध्ये झेड वर, युनिटी या गेम-सॉफ्टवेअरमध्ये वाय वर आणि अक्षांचा क्रम डाव्या हाताचा. पॅनल सरळ हलताना बरोबर आणि वळताना उलटं दिसलं, तर कॅलिब्रेशनला हात लावू नका, आधी हा क्रम तपासा. यूआरचे तीन आकडे ऑयलर कोन (तीन अक्षांभोवती एकामागून एक वळणं) समजून टाकले तर लहान वळणाला ते जवळपास बरोबर दिसतात आणि मोठ्या वळणाला कोलमडतात, म्हणून चूक उशिरा सापडते.

चांदवा

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, प्रेक्षक.

खोलीचा भ्रम एकाच डोळ्यासाठी असतो. पॅनलच्या मागे ३०० मिमी खोल भिंत दाखवायची आहे, प्रेक्षक ६ मीटरवर आहेत. मधल्या खुर्चीसाठी चित्र बेतलं, तर २.५ मीटर बाजूला बसलेल्याला ती भिंत सुमारे १२० मिमी चुकीच्या जागी दिसते. १२०० च्या पॅनलवर १२० म्हणजे खोका सरळ सरळ कललेला.

मधल्या खुर्चीवरच्या माणसालाही पूर्ण फसवता येत नाही. दोन डोळ्यांत ६३ मिमी अंतर, त्यामुळे ६ मीटरवर ३ मिमीची तफावत हवी होती ती मिळत नाही. सुमारे पावणेदोन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) इतका हा फरक आहे आणि डोळा तो सहज पकडतो. १५ मीटरवर तोच १७ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येतो, मग दोन डोळे फारशी तक्रार करत नाहीत. पण बाजूच्या खुर्च्यांचा प्रश्न तिथेही उरतो.

म्हणून थेट प्रयोगात खोलीचे भ्रम ५० मिमीच्या आत ठेवा, २.५ मीटर बाजूलाही तेव्हा चूक वीसेक मिमीच राहते. कोरीव काम, उठाव, भेगा, वितळणं, गंजणं, आतून उजळणं हे सगळं पृष्ठभागावरचं आहे, ते कुठूनही खरं दिसतं.

आणि खोली हवीच असेल तर आर्म कशासाठी आहे? पॅनल खरोखरच ४०० मिमी मागे न्या. चित्रातली वस्तू दूर गेली आणि पॅनलही खरोखर दूर गेलं, तर प्रत्येक डोळा, प्रत्येक खुर्ची तेच सांगते. रोबो-आर्मची ताकद इथे आहे, आणि बहुतेक जण तो नुसता महागडा हलता स्टँड म्हणून वापरतात याचं वाईट वाटतं.

पाणकळा

चांदवा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हा मुद्दा धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

नटबोल्ट

प्रेक्षकांचा विषय निघालाच आहे तर : कोबॉट (माणसांजवळ चालण्यासाठी बनवलेला, यूआरसारखा रोबो) म्हणजे सुरक्षित, असं धरू नका. स्पर्श झाल्यावर थांबण्याचं गणित गुळगुळीत लहान हत्याराला धरून असतं. १२०० मिमीच्या पॅनलची कड गळ्याच्या उंचीवरून येते तेव्हा ते लागू पडत नाही. आर्मची पोच अधिक पॅनलची निम्मी लांबी, म्हणजे १३०० + ६०० मिमी, शिवाय थांबायला लागणारं अंतर. एवढ्या वर्तुळात प्रयोगाच्या वेळी कुणीही नको. कठडा किंवा लाइट कर्टन (किरण अडला की आर्म थांबवणारा), आणि तत्काळ थांब्याचं लाल बटण ऑपरेटरच्या हाताखाली. कॅलिब्रेशनच्या वेळी माणूस आत जातो तेव्हा वेग २५० मिमी प्रतिसेकंदाच्या खाली. पॅनल पडू नये म्हणून फ्लॅंजला स्टीलची सुरक्षा-दोरी.

घिरट

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे असे आले. लेन्स-शिफ्ट मोकळा सोडला आणि पॅनलचे सहा आकडे अज्ञात धरले: सरासरी चूक ०.८ पिक्सेल, कोपरे दीड मिमीत. पॅनल ०.६ अंश तिरकं निघालं. प्रोजेक्टरमधली कीस्टोन आणि इंटरपोलेशन बंद केल्यावर उशीर ६७ वरून ४८ मिलिसेकंद. तो पुढे धरल्यावर रेघ रेघेवर बसते. प्रोजेक्टर फरशीवर आला, त्वरणाचा काळ कंपनाशी जुळवला, थरथर जवळपास गेली.

एक गोष्ट उरली. ०.६ मी/से वेगाला जागा बरोबर असूनही बारीक पोत डोळ्याला धूसर दिसतो. फोकस तपासला, ठीक आहे.

खटका

फोकसचा दोष नाही. प्रोजेक्टर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद धरून ठेवतो, पण तेवढ्यात पॅनल १० मिमी पुढे जातं. चित्र हवेत थांबलेलं, पॅनल त्याच्याखालून सरकतं, डोळा पॅनलबरोबर चालतो. म्हणून पाच पिक्सेलचा फराटा. उशीर शून्य केला तरी हा जात नाही. १२० हर्ट्झला तो निम्मा होतो. टोकियो विद्यापीठातल्या डायनाफ्लॅश प्रोजेक्टरने सेकंदाला १००० फ्रेम गाठल्या त्या याचसाठी. तिथे फराटा ०.६ मिमी उरतो.

तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत. पुढे धरायचा वेळ फ्रेमच्या सुरुवातीला न जुळवता मध्याला जुळवा, म्हणजे ४८ मध्ये अर्ध्या फ्रेमचे ८.३ मिळवा. मोबाइलवर रेघेच्या मध्याऐवजी पुढची कड मोजली असेल तर हा भाग सुटलेला असतो. मग १० मिमी एकीकडे न पडता ५-५ मिमी दोन्हीकडे वाटले जातात आणि कडा जागेवर वाटतात. दुसरं, बारीक पोत वेगाच्या क्षणी वापरूच नका. पॅनल धावताना मोठे आकार, सपाट रंग. थांबलं की कोरीव काम उमटू द्या.

चांदवा

आणि वेगवान हालचाल शक्यतो प्रोजेक्टरच्या दिशेने, पुढे-मागे ठेवा. त्यात मध्याचा पिक्सेल फारसा सरकत नाही, फराटा कडेलाच आणि थोडा. फोकस अर्धा मीटर मागे-पुढे गेला तरी, लेन्समधून प्रकाश २० मिमी व्यासातून निघत असेल तर, ४.८ मीटरवर धूसरपणा एका पिक्सेलएवढाच. आडवी धाव ०.३ मी/से च्या आत, पुढे-मागे ०.६. हालचाल या हिशेबाने पुन्हा लिहिलीत तर हाच प्रोजेक्टर पुरेल.

घिरट

८.३ मिळवले. कडा जागेवर आल्या. आडव्या हालचाली पुन्हा लिहायला घेतो, आणि पॅनल ९०० चं करून फोमचं बनवतो. नटबोल्ट, फायबरग्लासचं कातडं फोमला इपॉक्सीने चिकटवायचं ना? पॉलिएस्टर रेझिनने एक्सपीएस विरघळतो.

नटबोल्ट

हो, फक्त इपॉक्सी. आणि सपाट काचेवर, वर वजन ठेवून, २४ तास. काचेला आधी मेण लावा.